नगर-गोदाकाठची रागचित्रे : वियोग, आशा आणि इतिहासाचे एक साधन

१

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, गोदावरीच्या काठी पुणतांबा हे प्राचीन क्षेत्र आहे. योगी चांगदेवाच्या समाधीमुळे ते महाराष्ट्राला परिचित आहे. येथून दक्षिणेस निजामशाहीची राजधानी अहमदनगर, नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास पैठण, आणि वाटेत प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरीचे नेवासे. पुणतांबा हे चित्रशाळेचे गाव म्हणून या निबंधासाठी निवडलेले नाही. राजदरबारातील रागमालाचित्रे आणि लोकांमध्ये फिरणारी चित्रकथी परंपरा या दोन प्रवाहांच्या मध्यावर उभे राहून दोहोंकडे पाहण्यास हे स्थान सोयीचे आहे, इतकेच.

या दोन्ही परंपरांत चित्र गायनाशी बांधलेले आहे, आणि दोन्हींत मानवी दुःखाला प्रमुख स्थान आहे. तरीही आपल्या इतिहासलेखनात त्यांचा उपयोग फार थोडा झाला. निजामशाहीचा इतिहास लिहिताना आपण फेरिस्ता वाचतो, तह आणि वेढे यांची संगती लावतो, मलिक अंबरच्या जमीनमहसुलाची चर्चा करतो. रागमालेची पाने मात्र कलासमीक्षकांच्या हवाली करून मोकळे होतो. ज्या काळाने ही पाने निर्माण केली त्या काळाविषयी ती काही सांगतात काय, आणि सांगत असल्यास ते कोणत्या प्रकारचे सांगणे आहे, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

२

रागाचे चित्र काढावे ही कल्पना प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. राग हा कानाचा विषय. तो काळात उलगडतो आणि गायन संपताच मावळतो. चित्र डोळ्यांचे, स्थिर आणि टिकाऊ. परंतु भारतीय कलाशास्त्राने या दोहोंत कडेकोट भिंत कधीच मानली नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात मार्कंडेय आणि राजा वज्र यांचा संवाद आहे. मूर्ती घडवू इच्छिणाऱ्याला चित्र कळले पाहिजे, चित्र कळण्यास नृत्य, नृत्यास वाद्य आणि वाद्यास गीत कळले पाहिजे, अशी शिडी तेथे मांडलेली आहे. सर्व कलांचे मूळ गायनात आहे, हा त्यातील अभिप्राय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या शास्त्रपरंपरेतील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाच्या पदरी असताना मूळच्या काश्मीरच्या घराण्यातील या पंडिताने तो रचला. शार्ङ्गदेवाने रागांना देवता, ऋतू आणि रस नेमून दिले. पण रागाला नाकडोळे असलेली व्यक्ती म्हणून त्याने रंगविले नाही. ते कार्य पुढच्या पिढ्यांनी केले. इ. स. १३५० मध्ये जैन पंडित सुधाकलश याने आपल्या संगीतोपनिषत्सारोद्धारात रागांची मूर्तिरूपे सांगितली, आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरातेतील एका कल्पसूत्राच्या समासांत ती प्रत्यक्ष रंगांत उतरली.

सोळाव्या शतकात या कल्पनेला वेग आला. सहा राग पुरुष आणि प्रत्येकाच्या पाच रागिणी अशी छत्तिसांची मांडणी लोकप्रिय झाली. प्रत्येकीसाठी एक ध्यानश्लोक रचला गेला. ध्यान या शब्दाचा अर्थ येथे नीट ध्यानात घ्यावयास हवा. उपासक देवतेचे रूप मनात आणतो त्याप्रमाणे गायकाने रागाचे रूप मनात आणावे, म्हणजे राग प्रसन्न होऊन सुरांत उतरेल, ही त्यामागील श्रद्धा. या लेखनात दक्षिणेचा वाटा मोठा आहे. कर्नाटकातून आलेला पुंडरीक विठ्ठल खानदेशात फारुकी दरबारी होता. तेथे त्याने सद्रागचंद्रोदय लिहिला, आणि पुढे उत्तरेत गेल्यावर इ. स. १५७६ मध्ये रागमाला हा ग्रंथ रचला. आंध्रातील सोमनाथाने १६०९ मध्ये रागविबोधात असेच ध्यानश्लोक दिले. म्हणजे ज्या दशकांत दख्खनी चित्रकार रागमाला रंगवीत होते, त्याच दशकांत नगरच्या भोवतालच्या मुलखांत शास्त्रकार रागांना देह देत होते.

आणखी एक धागा थेट निजामशाहीशी जुळतो. नायिकाभेदावरील रसमंजरी या संस्कृत ग्रंथाचा कर्ता भानुदत्त याच्या एका श्लोकात ‘निजाम’ नावाच्या भूपालाचा निर्देश आहे, आणि अनेक अभ्यासक तो अहमदनगरच्या निजामशहाशी जोडतात. विरहोत्कंठिता, खंडिता, प्रोषितभर्तृका या नायिका रागिणींच्या चित्रांत वेगळ्या नावांनी पुन्हा भेटतात. रसमंजरीची एक सचित्र प्रत १६५० मध्ये औरंगाबादेत तयार झाली. त्या काळी या प्रदेशात संस्कृत काव्यशास्त्र, संगीत आणि चित्र यांचा व्यवहार किती निकटचा होता, हे यावरून दिसून येते.

३

निजामशाहीतील चित्रकलेचा निश्चित पुरावा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. आफ्ताबी या कवीने लिहिलेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही फारसी मसनवी पहिल्या हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ रचलेली आहे. जानेवारी १५६५ मध्ये चार सुलतानांनी मिळून विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला. त्याच वर्षी हुसेनशहाही मरण पावला. पोथीचे काम त्या सुमाराचे. तीत राजाचे सिंहासनारोहण, विवाह, राणीसह दरबार आणि लढाईची चित्रे आहेत. लढाईच्या चित्रांत रामरायाचा शिरच्छेदही दाखविलेला आहे.

या पोथीतील एक गोष्ट कोणत्याही इतिहासाभ्यासकाला अस्वस्थ करील. राणी खुंझा हुमायून ज्या ज्या चित्रांत राजाशेजारी बसलेली होती, तेथे तेथे तिची आकृती नंतर पुसून टाकलेली आहे. हुसेनशहानंतर अल्पवयीन मुर्तझाच्या नावाने तिने राज्यकारभार पाहिला. पुढे मुर्तझाने तिच्या हातून सत्ता काढून घेतली व तिला कैदेत टाकले. आकृती पुसण्याचा संबंध या घटनेशी असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजा बसलेला आहे, शेजारी एक डाग आहे. हात मात्र त्या डागाकडे वळलेला. निजामशाहीच्या चित्रकलेत प्रत्यक्ष ऐतिहासिक व्यथेची याहून स्पष्ट खूण दुसरी नसेल, आणि ती चित्रकाराने काढलेली नाही, पुसणाराने ठेवलेली आहे.

येथे एक महत्त्वाची बाब नोंदवावी लागते. तारीफमधील चित्रे विजयाची आहेत. तेथे हजारो माणसे पडली, एक मोठे नगर लुटले गेले. परंतु शोकाला त्या पानांत जागा नाही. पराभूताचे मस्तक हे तेथे विजयाचे भूषण आहे. स्तुतिकाव्याचा धर्मच तो. दरबारी इतिहासचित्राला दुःख दाखविण्याची मुभा नव्हती, किंवा त्याची गरज वाटत नव्हती. मग त्या समाजातील चित्रकाराने दुःख रंगवावयाचे ठरविल्यास ते कोठे रंगवावे? माझ्या मते त्याचे उत्तर रागमालेत आहे.

४

सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील म्हणून मानली जाणारी काही दख्खनी रागमालापाने आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी हिंदोल रागाचे पान नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पटहंसिका रागिणीचे पानही याच कुळातील. पानाच्या शिरोभागी देवनागरी लिपीत संस्कृत श्लोक, खाली सपाट पण झगझगीत रंगाची पार्श्वभूमी, उंच व सडपातळ स्त्रिया, एका बाजूने दिसणारे चेहरे, अंगाला घट्ट वेढलेली वस्त्रे, ही त्यांची लक्षणे. तारीफमधील स्त्रियांशी त्यांचे साम्य आहे. विशेषतः पाठीवर रुळणाऱ्या, टोकाशी गोंडे असलेल्या लांब वेण्या दोहोंना जोडतात. माळव्याकडील मोगलपूर्व शैली, इराणी रंगयोजना आणि विजयनगरकडील वेशभूषा या तिन्हींचे मिश्रण त्यांत आहे.

ही पाने नेमकी कोठली, यावर विद्वानांत मतभेद आहे. कोणी ती अहमदनगरची मानली, कोणी विजापूरची. मार्क झेब्रोव्स्की यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनी चित्रकलेवरील ग्रंथात अधिक सावधपणे ‘उत्तर दख्खन’ एवढाच निर्देश केला. संस्कृत श्लोक, देवनागरी लिपी आणि विषयाचे स्वरूप पाहता आश्रयदाता हिंदू सरदार असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. निजामशाहीच्या पदरी मराठा व ब्राह्मण सरदार-मुत्सद्द्यांची संख्या मोठी होती, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे रागमाला म्हणजे केवळ सुलतानाच्या अंतःपुरातील करमणूक, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

यांपैकी काही पाने बिकानेरच्या राजसंग्रहातून पुढे आली, ही गोष्टही बोलकी आहे. बिकानेरचे राजे मोगलांच्या चाकरीत पिढ्यानपिढ्या दख्खनच्या मोहिमांवर होते. राजा अनूपसिंह (कारकीर्द १६६९–१६९८) याने दक्षिणेत असताना संस्कृत पोथ्यांचा मोठा संग्रह जमविला. त्याच्या पदरी भावभट्ट हा संगीतशास्त्रकार होता. आणि त्याला मृत्यूही दक्षिणेत अदोनी येथेच आला. दख्खनी चित्रे याच मार्गाने वाळवंटात गेली असावीत, असा तर्क सयुक्तिक आहे. ज्या मोहिमांनी दख्खनची राज्ये बुडविली, त्याच मोहिमांनी त्यांची चित्रे वाचविली.

विजापूरचा प्रश्न वेगळा काढूनही चालणार नाही. दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८०–१६२७) स्वतः गायक, वीणावादक व कवी होता. त्याच्या किताब-इ-नौरस या दख्खनी भाषेतील गीतसंग्रहात ५९ गीते व १७ दोहरे आहेत. ती रागांच्या नावाखाली मांडलेली असून काही गीतांत रागाचेच मूर्तिरूप वर्णन आहे. या इब्राहिमचे पालनपोषण केले ते निजामशाहीच्या कन्येने. हुसेनशहा व खुंझा हुमायून यांची मुलगी चांदबिबी विजापुरात पहिल्या अली आदिलशहाची राणी होती. १५८० मध्ये त्याचा खून झाल्यावर अल्पवयीन इब्राहिमच्या वतीने तिने कारभार पाहिला, आणि नंतर ती माहेरी परतली. राजघराण्यांचे असे विवाहसंबंध असताना चित्रकार, गायक आणि पोथ्या एकाच दरबारात कोंडून राहिल्या असतील, हे संभवनीय नाही. स्वतः फेरिस्ता अहमदनगरहून विजापूरला गेला. म्हणून ‘नगरची की विजापूरची’ हा प्रश्न शैलीच्या अभ्यासात आवश्यक असला, तरी भावविश्वाच्या इतिहासात तो निर्णायक नाही.

५

आता चित्रांतील आशयाकडे वळू. रागमालेतील रागिणींपैकी मोठा भाग वियोगिनींचा आहे. पटमंजरी ही विरहाने शुष्क झालेली, धुळीने मळलेली, कोमेजलेली माळ गळ्यात असलेली स्त्री. सखी तिची समजूत घालते. तोडी वनात वीणा घेऊन उभी असते आणि तिच्या सुरांनी हरिणे जवळ येतात. ज्याच्यासाठी गावे तो नाही, आणि जे ऐकतात त्यांना शब्द कळत नाहीत. ललितेच्या चित्रात पहाट झाली आहे व प्रियकर निघाला आहे. आसावरी सर्पांच्या सहवासात एकाकी बसलेली.

या सर्वांत धनाश्री मला विशेष महत्त्वाची वाटते. दूर्वेसारख्या श्यामल वर्णाची ही विरहिणी हाती फलक घेऊन दूर असलेल्या प्रियकराचे चित्र रंगवीत असते, आणि तिचे अश्रू गळत असतात, असे तिचे ध्यान शास्त्रकारांनी सांगितले आहे. येथे राग स्वतःच चित्रकार झाला आहे. दुःख असह्य झाले म्हणून माणूस चित्र काढतो, आणि ते चित्र रागाचे रूप होते. संगीत व चित्र यांचा संबंध कोठे आहे असे कोणी विचारल्यास धनाश्रीकडे बोट दाखवावे. दोन्ही कला अनुपस्थित वस्तूला उपस्थित करतात. मात्र ती उपस्थिती पुरी नसते, आणि म्हणूनच डोळ्यांत पाणी येते.

परंतु रागमाला ही केवळ शोकाची मालिका नव्हे. ‘माला’ या शब्दातच क्रम आहे. पटमंजरीच्या मागेपुढे हिंदोल आहे, मेघ आहे, विभास आहे. हिंदोलाच्या पानात वसंतातील झोपाळा, सभोवती स्त्रिया आणि रंगाची उधळण. मेघात पावसाचे नृत्य. रागांना ऋतू व प्रहर नेमलेले असल्याने प्रत्येक भावालाही वेळ नेमली गेली. विरहाची रात्र आहे, तिच्यानंतर पहाटेचा राग आहे. ग्रीष्म आहे, त्यानंतर मेघ येणारच. रागमालेतील आशा ही कोणत्याही एका चित्रात शोधू नये. ती पान उलटण्यात आहे. दुःख खरे आहे, पण ते कालबद्ध आहे, असा या मांडणीचा गाभा सांगता येईल. संगीताने चित्राला दिलेली सर्वांत मोठी देणगी ती हीच. एकटे चित्र दुःख गोठवून ठेवते. रागाशी बांधलेले चित्र त्याला काळाच्या प्रवाहात सोडते.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, व तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. रागिणीचे दुःख हे सांकेतिक आहे. ठरलेली नायिका, ठरलेली सखी, ठरलेली हरिणे. अशा संकेतांतून त्या काळातील माणसांच्या सुखदुःखाविषयी काय सिद्ध होणार? ही पाने रंगविली जात होती त्या सुमारासच निजामशाही अंतर्गत खून व बंडाळ्यांनी पोखरली होती. १५९५च्या अखेरीस मोगलांनी नगरला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला लढविला, पण १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह करावा लागला. १६०० मध्ये ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि किल्ला पडला. यांपैकी काहीही रागमालेत नाही. कोसळलेला तट नाही, उपासमार नाही. मग तिला इतिहासाचे साधन कसे म्हणावे?

आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य केलीच पाहिजे. रागमालेवरून घटनांचा इतिहास लिहिता येणार नाही. हिंदोलाच्या झोपाळ्यावरून राज्य सुखात होते असे म्हणणे, आणि पटमंजरीवरून ते दुःखात होते असे म्हणणे, दोन्ही सारखेच भाबडे. परंतु संकेत म्हणजे खोटेपणा नव्हे. शोक व्यक्त करण्यास प्रत्येक समाज काही ठराविक रूपे राखून ठेवतो. जात्यावरच्या ओव्याही सांकेतिकच असतात, म्हणून त्या म्हणणारीचे दुःख लटके ठरत नाही. इतिहासकाराने विचारावयाचे ते असे : या समाजाने दुःखासाठी कोणती जागा राखून ठेवली होती? तारीफची विजयचित्रे आणि रागमालेची पाने शेजारी ठेवली असता उत्तर मिळते. राजाच्या चरित्रात दुःखाला प्रवेश नव्हता. तेथे दुःखी राणी पुसली गेली. रागाच्या नावाखाली मात्र रडणारी स्त्री पानाच्या मध्यभागी, सोन्यानिळ्या रंगांत, मानाने उभी राहिली. संगीताने चित्रकाराला ही मुभा मिळवून दिली. रागमाला घटनांची साक्ष देत नाही. कोणती व्यथा उघडपणे पाहण्याजोगी मानली जात होती, याची साक्ष ती देते.

६

या ठिकाणी संगीताच्या अभ्यासकांची एक शंकाही विचारात घेतली पाहिजे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीत पद्धतीच्या मराठी ग्रंथमालेत राग-रागिणी-वर्गीकरणाची कठोर परीक्षा केली, आणि प्रचलित संगीताला ते लागू पडत नाही म्हणून दहा थाटांची व्यवस्था पुढे मांडली. पती-पत्नी ठरविलेल्या राग-रागिणींत स्वरांचे साम्य असेलच असे नाही, हा त्यांचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. शिवाय सोळाव्या शतकातील तोडी वा धनाश्री यांचे स्वर आजच्या त्याच नावाच्या रागांचे होते असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा रागमालेतील चित्र हे स्वरांचे भाषांतर आहे, ही कल्पना टाकून द्यावी लागेल.

तरीही संगीताचा संबंध उरतोच, आणि तो तीन प्रकारचा आहे. पहिला, ध्यानश्लोकाचा : गायक व चित्रकार दोघेही एकाच शब्दमूर्तीपासून निघतात. दुसरा, समयाचा : ऋतू व प्रहर दोघांना समान. तिसरा, रसाचा : करुण आणि विप्रलंभ शृंगार यांची ओळख रसिकाला गायनातून आधीच झालेली असते, आणि चित्र पाहताना तो ती ओळख सोबत आणतो. चित्रकाराने सूर रंगविले नाहीत; सूर ऐकून माणसाची जी अवस्था होते ती रंगविली. मेवाडात चावंड येथे १६०५ मध्ये नासिरुद्दीन या चित्रकाराने रंगविलेली रागमाला याच तत्त्वावर उभी आहे. मात्र तेथील धीट, सपाट रचनेच्या तुलनेने दख्खनी पानांतील स्त्रिया अधिक अंतर्मुख वाटतात.

७

आता पुन्हा गोदाकाठी येऊ. राजदरबारांपासून दूर, या काठाने दुःख व आशा यांची दुसरी भाषा घडविली होती. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. वाळीत टाकलेल्या भावंडांची कथा, मुक्ताबाईच्या नावावर असलेले ताटीचे अभंग, आणि त्यांच्याशी जोडलेली चांगदेवाची कथा ही सारी मराठी समाजाने गाऊन जतन केली. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून आलेला हा योगी. त्याने ज्ञानदेवास कोरे पत्र पाठविले आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. शेवटी वयाने पोर असलेल्या मुक्ताबाईस त्याने गुरू केले. पुणतांब्यास त्याची समाधी आहे, आणि तेथील गोदेचा घाट अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी निगडित आहे. वाघावरील चांगदेव व चालत्या भिंतीवरील चार भावंडे हा प्रसंग मराठी मनात आधी कीर्तनातून आणि मग चित्रातून ठसला. मठमंदिरांच्या भिंतींवर, छापील तसबिरींत, आणि १९४० मध्ये प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या बोलपटात. गायिलेल्या कथेने चित्राला जन्म दिल्याचे हे घरोघरचे उदाहरण होय. याच जिल्ह्यातील ताहाराबादच्या महिपतीने (१७१५–१७९०) भक्तविजयात (१७६२) या कथा एकत्र गुंफल्या, आणि पुढील चित्रकारांना त्या आयत्या मिळाल्या.

गायन व चित्र यांचा याहूनही घट्ट मेळ चित्रकथींच्या परंपरेत दिसतो. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या मानसोल्लासात आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात पुणे जिल्ह्यातील जातींत चित्रकथींचे वर्णन येते. पैठण परिसरात मिळाल्यामुळे ‘पैठणी चित्रे’ म्हणून प्रसिद्धी पावलेली अनेक पाने दिनकर केळकर यांनी जमविली व ती पुण्याच्या त्यांच्या संग्रहालयात आहेत. त्याच शैलीची परंपरा सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाने चालू ठेवली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. उपलब्ध पाने बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील. दोन कागद पाठीस पाठ लावून चिकटविलेले, दोन्ही बाजूंना चित्रे; कथेची सर्व पाने मिळून एक पोथी. वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने गायक एकेक पान पुढे करतो व कथा गातो.

रागमाला आणि चित्रकथी यांची तुलना उद्बोधक आहे. रागमालेचे पान हाती धरून एकट्याने पाहावयाचे. चित्रकथीचे पान रात्री दिव्याच्या उजेडात जमावाने पाहावयाचे. म्हणून एकात नाजूक रेषा, तर दुसऱ्यात मोठे डोळे, ठळक कडा व भडक रंग. रागमालेत गायन चित्राच्या आधी होऊन गेलेले असते, चित्र हे त्याचे स्मरण. चित्रकथीत गायन व चित्र एकाच क्षणी घडतात. सर्वांत मोठा भेद दुःखाच्या स्वरूपात. रागिणीला नाव असते पण चरित्र नसते. तिचे दुःख कोणाचेही असू शकते. चित्रकथीतील दुःख सीतेच्या वियोगाचे आहे, पांडवांच्या वनवासाचे आहे. त्याला कारण आहे, अन्याय करणारा आहे, आणि शेवट आहे. रागमालेतील आशा ऋतुचक्रातून येते, तर चित्रकथीतील आशा कथेच्या न्यायातून. पहिलीत दुःख सरते, कारण काळ सरतो. दुसरीत ते सरते, कारण सत्याचा अखेर जय होतो.

या दोन आशांपैकी गोदाकाठच्या शेतकरी समाजाला दुसरी अधिक जवळची वाटली, यात नवल नाही. अवर्षणाचा प्रदेश हा. १६३०–३२च्या भीषण दुष्काळाने दख्खन व गुजरात उद्ध्वस्त केले, तेव्हा ऋतुचक्रावर विसंबणाऱ्या आशेला मेघांनी दगा दिला होता. ज्याला पाऊस येईलच असे म्हणता येत नाही, त्याला मेघरागाच्या चित्रापेक्षा वनवास संपल्याची कथा अधिक धीर देते. २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांच्या संपाची हाक याच पुणतांब्याच्या ग्रामसभेतून निघाली. चित्रपरंपरेशी त्या घटनेचा संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र दुःखाला कारण असते, ते नाव घेऊन सांगता येते, आणि त्याचा न्याय मागता येतो ही जाणीव या काठाला नवी नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

८

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष मांडता येतात. पहिला, दख्खनी रागमालेची पाने निजामशाहीच्या राजकीय इतिहासाचा पुरावा म्हणून वाचू नयेत. परंतु त्या समाजाने दुःखाला दिलेल्या दृश्य रूपाचा पुरावा म्हणून ती तारीफसारख्या दरबारी पोथीच्या शेजारी ठेवून अवश्य वाचावीत. दुसरा, या चित्रांचा संगीताशी असलेला संबंध स्वरांचा नसून ध्यान, समय व रस यांचा आहे. आणि त्यांतील समयाच्या संबंधामुळेच वियोगाच्या चित्राला आशेची बाजू प्राप्त होते. तिसरा, रागमाला आणि चित्रकथी यांना अनुक्रमे ‘अभिजात’ आणि ‘लोक’ अशा दोन कप्प्यांत बंद करण्याची आपली सवय अभ्यासाला बाधक आहे. एकाच भूप्रदेशात, गायनाचा हात धरून, दोन्हींनी एकाच प्रश्नाला उत्तर शोधले.

पुढील कार्याची दिशाही यातूनच सूचित होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी रागमालेवरील संस्कृत श्लोकांचे पाठ संगीतग्रंथांतील ध्यानांशी ताडून पाहावेत; कोणत्या ग्रंथपरंपरेशी ते जुळतात हे निश्चित झाल्यास आश्रयदात्याच्या प्रश्नावर प्रकाश पडेल. चित्रकथी पोथ्यांच्या बाबतीत केवळ चित्रांची नोंद पुरेशी नाही. त्या पानांबरोबर गायिली जाणारी पदे, चाली आणि वाद्ये यांचीही नोंद त्याच वेळी झाली पाहिजे. गायनावाचून चित्रकथीचे पान म्हणजे अर्धे साधन होय. पान संग्रहालयात सुरक्षित राहते, चाल मात्र गायकाबरोबर जाते. जी चाल अजून कोणाच्या कंठात आहे, ती लिहून घेण्याचे काम आधी करावयास हवे.